साचानिर्मिती आणि संगणकीय आरेखनाच्या पद्धती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्लास्टिकची बादली, मोटारीचा दरवाजा आणि विजेचा स्विच या वस्तू परस्परांहून भिन्न असल्या तरी त्यांचा उगम एकाच ठिकाणी, म्हणजे पोलादी साच्यात असतो. वस्तू लाखोंच्या संख्येने निघतात. साचा मात्र बहुधा एकच घडविला जातो. त्यामुळे साच्याच्या रचनेत राहिलेला दोष प्रत्येक वस्तूत उतरतो आणि कठीण केलेल्या पोलादात तो दुरुस्त करणे खर्चाचे ठरते. साच्याचे आरेखन कोणत्या पद्धतीने करावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा नाही. द्विमिती आरेखन, पृष्ठभागांचे मॉडेलिंग, इतिहासाधारित सॉलिड मॉडेलिंग आणि थेट मॉडेलिंग या चार पद्धतींचा विकास कोणत्या गरजांतून झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संगणकपूर्व साचाकाम

कागदावरील आरेखनात सपाट बाजू, छिद्रे व मापे अचूक दाखविता येतात. परंतु वक्र पृष्ठभाग संपूर्णपणे दाखविता येत नाही. ठरावीक अंतरांवरील छेद काढले जात आणि दोन छेदांमधील आकार कारागिराच्या नजरेवर सोपविला जाई. लाकडी किंवा प्लास्टरचा मूळ नमुना तयार करून त्यावरून नक्कल करणाऱ्या मिलिंग यंत्रावर पोलाद कोरले जाई. त्यानंतर फिटर निळा रंग लावून साच्याचे दोन्ही भाग एकमेकांवर टेकवीत असे आणि रंग उमटलेल्या जागा हाताने घासून काढीत असे. आकाराचे अंतिम प्रमाण आरेखन नसून तो नमुना होता. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना त्यात सूक्ष्म फरक पडे. लाकूड तर हवेतील ओलाव्यानेही बदले.

पृष्ठभागाचे गणित

ही अडचण मोटार उद्योगात सर्वाधिक जाणवली. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी 1959 च्या सुमारास वक्ररेषा गणिताने बांधण्याची रीत शोधली. मात्र कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात स्वतंत्रपणे त्याच दिशेने काम केले आणि त्यातून ‘युनिसर्फ’ ही प्रणाली उभी राहिली. बेझिए यांनी आपले काम प्रसिद्ध केल्यामुळे त्या वक्ररेषा त्यांच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. बेझिए यांची जडणघडण यंत्रे व हत्यारे यांच्या आरेखनात झाली होती, ही बाब येथे महत्त्वाची आहे. नमुना, आरेखन आणि डाय यांच्यातील विसंगती त्यांच्या परिचयाची होती. लाकडी नमुन्याऐवजी आकड्यांत मांडलेला आकार प्रमाण मानावा, असा त्यांचा आग्रह होता.

इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातील डोनाल्ड वेलबर्न यांनी 1965 च्या सुमारास नमुनाकारांच्या अडचणी सोडविण्यासाठी संगणक वापरण्याची कल्पना मांडली. तिच्यातून पुढे ‘डक्ट’ ही प्रणाली विकसित झाली आणि बर्मिंगहॅमच्या डेलकॅम कंपनीने ती साचा उद्योगात रुजविली. पृष्ठभागांचे मॉडेलिंग हे अशा रीतीने साचाकामाच्याच गरजेतून वाढले.

द्विमिती आरेखन आणि इतिहासाधारित मॉडेलिंग

आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘स्केचपॅड’ सादर केले. 1982 मध्ये ऑटोकॅड बाजारात आल्यानंतर वैयक्तिक संगणकावर द्विमिती आरेखन लहान टूलरूमच्या आवाक्यात येऊ लागले. साच्याच्या प्लेटा, छिद्रांच्या जागा आणि थंड पाण्याच्या वाहिन्या यांसाठी ते उपयुक्त ठरले. वक्र आकाराचा जुना प्रश्न मात्र तसाच राहिला.

1988 मध्ये आलेल्या प्रो-इंजिनिअर या प्रणालीने वेगळा मार्ग दाखविला. येथे वस्तूचा आकार तो कोणत्या क्रमाने घडला त्या इतिहासासह नोंदविला जातो. एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेले पुढचे टप्पे आपोआप बदलतात. साचाकामात याचा लाभ स्पष्ट आहे. एबीएस प्लास्टिक थंड होताना साधारणपणे 0.4 ते 0.7 टक्के आकसते, म्हणजे 0.5 टक्के आकुंचन धरल्यास 200 मिलिमीटरच्या वस्तूसाठी साच्याची पोकळी सुमारे 201 मिलिमीटर ठेवावी लागते. आकुंचनाचा आकडा बदलला, तर पोकळी व गाभा दोन्ही नव्याने आखण्याची गरज उरत नाही.

हरवलेला इतिहास आणि थेट मॉडेलिंग

या पद्धतीची मर्यादाही साचाकामातच उघड झाली. टूलरूम स्वतः वस्तूची रचना क्वचितच करतो. ग्राहकाने पाठविलेल्या आकारावरून तो साचा घडवितो. ग्राहकाची प्रणाली वेगळी असेल, तर 1980 च्या दशकात रूढ झालेले आयजेस किंवा 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक बनलेले स्टेप या स्वरूपांत फाइल येते. अशा फाइलमध्ये सामान्यतः आकार येतो, त्याचा इतिहास येत नाही. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून उभ्या भिंतीला एक-दोन अंशांचा उतार द्यायचा झाल्यास बदलण्याजोगी नोंदच हाती नसते.

थेट मॉडेलिंगचे महत्त्व या ठिकाणी लक्षात येते. ह्युलेट-पॅकार्डच्या सॉलिडडिझायनरने 1990 च्या दशकात हा मार्ग चोखाळला होता. 2007 मधील स्पेसक्लेम आणि 2008 मधील सीमेन्सचे सिंक्रोनस तंत्र यांनी त्याला व्यापक मान्यता मिळवून दिली. यात पृष्ठभाग धरून सरकविता किंवा कलविता येतो. तो कसा घडला हे माहीत असण्याची आवश्यकता नसते. पुढे अनेक प्रमुख प्रणालींनी दोन्ही पद्धती एकत्र सामावून घेतल्या.

निवडीचा निकष

वरील विवेचनावरून असे दिसते की, नवी पद्धत आल्याने जुनी बाद झाली असे घडलेले नाही. प्रत्येक पद्धतीने आकाराचे प्रमाण वेगळ्या ठिकाणी ठेवले : द्विमितीने रेषेत, पृष्ठभागांच्या मॉडेलिंगने समीकरणात, इतिहासाधारित पद्धतीने घडणीच्या क्रमात आणि थेट पद्धतीने हाती असलेल्या आकारात. तेव्हा ‘कोणते सॉफ्टवेअर श्रेष्ठ’ यापेक्षा ‘या साच्यात बदल कोठून येणार’ हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. वस्तू स्वतःची असेल आणि मापे वारंवार बदलणार असतील, तर इतिहास जपणे हिताचे. आकार परका असेल, तर थेट पद्धत सोयीची. डायचा वक्र पृष्ठभाग नितळ हवा असेल, तर पृष्ठभागांच्या मॉडेलिंगला पर्याय नाही.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत साचाकामाचे प्रशिक्षण दिले जाते आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतही संगणकीय आरेखन शिकविले जाते. अध्यापन एकाच सॉफ्टवेअरच्या आज्ञांपुरते मर्यादित राहिले, तर ते सॉफ्टवेअर बदलताच विद्यार्थ्याच्या ज्ञानाचा मोठा भाग निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

निष्कर्ष

कास्तेलजो, बेझिए व वेलबर्न यांनी ज्या प्रश्नांना उत्तरे शोधली, ते प्रश्न नमुनाकार आणि फिटर यांच्या कामातून पुढे आले होते. आकुंचन, उतार आणि साच्याचे भाग विभागणारी रेषा यांविषयीचे निर्णय कोणतीही प्रणाली स्वतःहून सुचवीत असली, तरी त्यांची जबाबदारी आरेखकाचीच राहते. म्हणून साचा-आरेखनाच्या अभ्यासक्रमात आज्ञांच्या सरावाबरोबर टूलरूममधील प्रत्यक्ष कामाला आणि या पद्धतींच्या इतिहासाला स्थान मिळणे आवश्यक आहे. पद्धत कोणत्या अडचणीतून जन्मली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती कोठे वापरू नये हेही कळते.