अथेन्समधली प्रश्नांची पंगत

चपलांच्या वाद्या घोट्याभोवती घट्ट बांधा. थोड्या काचतील, पण सैल राहिल्या तर या गल्लीत घसरलातच म्हणून समजा. फरसबंदीवर सकाळच्या पावसाचं पाणी साचलंय आणि त्यात वरच्या माडीवरून ओतलेलं सांडपाणी नि खेचरांची लीद मिसळलीय. अंगावर जाड लोकरीचं पांघरूण आहे, त्याला भिजलेल्या मेंढीचा वास येतोय. समोरून ऑलिव्हच्या टोपल्या लादलेलं गाढव येतंय, भिंतीला चिकटा! यंदाचं ऑलिव्ह घाण्यावर जाण्याचे हे दिवस. ठेचलेल्या कच्च्या फळांचा तो कडवट, हिरवा वास नाकातून थेट घशात उतरतो.

इसवी सनाचं दुसरं शतक अर्धं सरत आलंय, महिना डिसेंबर आणि गाव अथेन्स. तुम्ही रोमहून इथे तत्त्वज्ञान शिकायला आला आहात. आज सॅटर्नेलियाचा सण. गावाला त्याचं काही नाही, कारण सण रोमचा. मासळीवाले ओरडताहेत, लोहाराचा हातोडा चालूच आहे. पण परदेशात शिकणारी मराठी मुलं दिवाळीला कुणा एकाच्या खोलीवर फराळाला जमतात, तसे इथले रोमन विद्यार्थी आज एकत्र जेवणार आहेत. या पंगतीत एरवी पुरुषांनाच जागा असते. आज मात्र तुम्ही कुणीही असा, तुमची जागा धरून ठेवलीय.

फक्त एक लक्षात ठेवा. जेवणाबरोबर प्रश्न वाढले जाणार आहेत.

पोटात गोळा आला ना? तयारी करायला तुम्ही सकाळीच घराबाहेर पडला होतात. अगोराच्या, म्हणजे गावच्या मुख्य चौकाच्या कोपऱ्यावर पँटेनॉसचं ग्रंथालय आहे. त्याचा नियम दगडातच कोरलाय: पुस्तक बाहेर न्यायचं नाही, तशी शपथ घेतलेली आहे, आणि ग्रंथालय पहिल्या तासापासून सहाव्या तासापर्यंतच उघडं. म्हणजे सूर्योदयापासून दुपारपर्यंत. त्यातही इथे दिवस लहान असो की मोठा, त्याचे तास 12 च. डिसेंबरातला तास त्यामुळे आपल्या पाऊण तासाएवढाच भरतो. गार दगडी बाकावर बसून तुम्ही गुंडाळी उलगडत होतात, उजव्या हातानं सोडायची नि डाव्या हातानं गुंडाळत जायची. बोटांना पपायरसचा खरखरीतपणा लागत होता आणि नाकाला देवदाराच्या तेलाचा वास. कसर लागू नये म्हणून ते पुस्तकांना चोळतात. ग्रीक ओळींत दोन शब्दांमध्ये जागाच सोडलेली नव्हती. पानांना क्रमांक नाहीत, कारण पानंच नाहीत. एखादी ओळ पुन्हा हवी असेल तर वावभर कागद परत उलगडायचा. इथली माणसं एवढं पाठ का करतात, ते तुम्हाला अर्ध्या तासात कळलं.

आता संध्याकाळ होत आलीय. रोमन बाजारातून जाताना मान वर करा. हा वाऱ्यांचा मनोरा, संगमरवरी, अष्टकोनी. आठ बाजूंवर आठ वारे कोरलेत. उत्तरेचा बोरिअस जाडजूड झगा पांघरून शंख फुंकतोय, आणि आज तोच तुमच्या कानशिलांना झोंबतोय. भिंतींवर सूर्यघड्याळांच्या रेघा आहेत. ढगाळ दिवसांसाठी आत पाण्यावर चालणारं घड्याळही आहे. चला, उशीर नको.

वाटेत गेल्या थंडीतली एक संध्याकाळ आठवून घ्या, कारण या प्रश्नांच्या खेळाची गोडी तुम्हाला तिथेच लागली. गुरुजी टॉरस, प्लेटोच्या परंपरेतले मोठे तत्त्वज्ञ, शिष्यांना दिवेलागणीला घरी जेवायला बोलावतात. बेत साधाच, मसूर आणि बारीक चिरलेला भोपळा एका भांड्यात शिजवलेला. अशा जेवणाला येताना शिष्यांनी गोडधोड आणायचं नसतं. प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा, तीच त्याची वर्गणी. मरणारा माणूस नेमका मरतो केव्हा, जिवंत असताना की मेल्यावर? बसलेला माणूस उठतो तो क्षण कुठला, बसलेला असतानाचा की उभा राहिल्यावरचा? ऐकायला पोरखेळ वाटतो, पण टॉरस हसण्यावारी नेत नाहीत. त्या निसटत्या क्षणाबद्दल प्लेटो काय म्हणतो, ते सांगायला ते घास हातात धरून बसतात.

त्या दिवशी भांडं चुलीवरून उतरलं, वाफ तोंडावर आली, आणि तेल ओतायला घरातला आठ वर्षांचा दास मुलगा पुढे आला. त्यानं भांड्याच्या कडेनं कुपी फिरवली. थेंब नाही. आत डोकावून पाहिलं, जोरात हलवली, पुन्हा उलटी केली. सगळे हसायला लागले. तो शुद्ध अ‍ॅटिक ग्रीकमध्ये ठसक्यात म्हणाला, हसू नका, तेल आहे, पहाटे थंडी केवढी होती, गोठलंय ते! कुपी खरं तर रिकामीच होती. टॉरसही हसले, त्याला तेल आणायला पिटाळलं आणि म्हणाले, भांडं चटके बसण्याइतकं गरम आहे, तोवर सांगा, तेल पटकन गोठतं आणि वाइन क्वचितच, असं का? एक तरुण म्हणाला, वाइनमध्ये उष्णतेची बीजं असतात. मग शिरका तर थंड प्रकृतीचा, तो का गोठत नाही? वाद रंगला. मसूर निवत होते, कुणालाच घाई नव्हती. ज्याच्या चुकीतून ही सगळी चर्चा निघाली, ते पोर थंडीत तेल आणायला धावत होतं, हेही विसरू नका.

पोचलो. वाकून आत या. बाहेरच्या बोचऱ्या थंडीतून एकदम ऊब, आणि डोळ्यांत धूर. मधोमध कोळशाची शेगडी रसरसतेय. मातीच्या दिव्यांत ऑलिव्हचं तेल जळतंय, त्याची काजळी छताला चढलीय. डाव्या कोपरावर टेकून बिछायतीवर आडवे व्हा, जेवायचं उजव्या हातानं. पहिल्या काही क्षणांतच कोपराला मुंग्या येतील, त्याची सवय होते. शेजारच्याचा गुडघा तुमच्या पाठीला लागतोय, त्याच्या केसांना सुगंधी तेलाचा वास आहे. पाव, खारवलेले मासे, ऑलिव्ह, सुके अंजीर आणि हिमेट्टस डोंगरावरचा थाइमच्या वासाचा मध पुढे येतो. वाइनमध्ये गरम पाणी घालून पेला हातात देतात. दोन्ही तळव्यांत धरा, बोटं शेकून घ्या.

मंडळी आनंदात आहेत, पण कुणाचा तोल सुटलेला नाही. तुमच्या समोर एक तरुण सगळं कान देऊन ऐकतोय. त्याच्याकडे नीट पाहून ठेवा. त्याचं नाव ऑलस गेलियस.

आज यजमानाची पाळी ज्याच्यावर आलीय तो उठतो आणि बक्षिसं मांडतो, कुणा जुन्या ग्रीक किंवा लॅटिन लेखकाचं पुस्तक आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट. हे झाड आपल्या तमालपत्राच्याच कुळातलं. पान चुरगाळलं की ओळखीचा, मसाल्याच्या डब्यातला वास येतो.

नियम ऐका. जेवढी माणसं तेवढे प्रश्न. यजमान आधी सगळे प्रश्न सांगणार. मग कुणाला कुठला आणि बोलायचं कधी, ते नशिबाचा कौल ठरवणार. उत्तर बरोबर आलं तर पुस्तक नि मुकुट तुमचा. नाही आलं तर तोच प्रश्न पुढच्याकडे, तिथूनही पुढे, असा फिरत राहणार. घंटा नाही, कुणी आकडे मोजत नाही, पण प्रश्न तुमच्या हातून शेजाऱ्याच्या हाती गेला की तुमची वेळ संपली.

सुरुवात होते. जे तू हरवलं नाहीस ते तुझ्याकडे आहे. शिंगं तू हरवली नाहीस. म्हणजे तुला शिंगं आहेत! खोली खदखदून हसते, तुमचाही हात नकळत कपाळाकडे जातो. ज्याच्यावर पाळी आलीय तो शांतपणे गाठ सोडवतो: जे मुळात होतं आणि हरवलं नाही, तेवढंच आपल्याकडे असतं. टाळ्या! दुसरा पेच याहून अवघड: मी खोटं बोलतो आहे, असं मी म्हणालो, तर मी खरं बोललो की खोटं? तिसरा जुनाच: मी जो आहे तो तू नाहीस, मी माणूस आहे, म्हणून तू माणूस नाहीस. यावर तत्त्वज्ञ डायोजिनीसचा किस्सा निघतोच. एका पंडितानं त्याला असंच पकडलं, तेव्हा तो म्हणाला, हे खोटं आहे, आणि खरं करायचं असेल तर माझ्यापासून सुरुवात कर.

मग हेसिअडचं कोडं. त्या कवीनं म्हटलंय की अर्धं हे पूर्णापेक्षा जास्त असतं. ते कसं? तुम्हाला उत्तर येतंय, जीभ वळवळतेय, पण पाळी दुसऱ्याची आहे. त्या ओळीमागे भाऊबंदकी आहे. भावानं सत्ताधाऱ्यांना खूश करून वाट्यापेक्षा जास्त ओढलं. लबाडीनं मिळवलेल्या सबंधापेक्षा सरळ मार्गानं आलेलं अर्धं बरं, असं कवी त्या भावाला बजावतोय. वाटणीवरून झिजवलेले कोर्टाचे उंबरे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणि आता कौल तुमच्या नावाचा.

प्रश्न असा: ‘ते खरं बोलतात’ एवढा अर्थ एकाच शब्दात सांगणारं ‘वेरांट’ हे लॅटिन क्रियापद जुन्या कवींपैकी कुणी वापरलंय?

खोली गप्प होते. शेगडीतला कोळसा तडकतो. कानाच्या पाळ्या गरम झाल्यात, पेल्यावरची बोटं घामेजलीत. शब्द ओळखीचा वाटतोय, कुठेतरी ऐकलाय, बहुधा शाळेत, कुणीतरी मोठ्यानं म्हणताना... सकाळच्या त्या गुंडाळीत होता का? ओळ जिभेच्या टोकापर्यंत येते आणि मागे फिरते. तुम्ही मान हलवता.

प्रश्न शेजाऱ्याकडे जातो. तो छताकडे बघतो. पुढचा दाढी कुरवाळतो. एकेक करून वर्तुळ पूर्ण होतं. बाकीचे सगळे प्रश्न सुटलेत, हाच एक राहिला. भरल्या खोलीत कुणालाच उत्तर आठवत नाही.

आता काय? यजमान उत्तर सांगून मिरवणार? तुम्हाला हसणार? नाही. न सुटलेल्या प्रश्नाचा मुकुट ज्याचा सण आहे त्या देवाला, सॅटर्नला वाहतात. नियमच तसा आहे. तुमच्या कानांची आग निवते. कुणी तुमच्या पेल्यात गरम पाणी आणि वाइन ओततं.

या खेळाचा आणखी एक प्रकार हे विद्यार्थी खेळतात, तोही अनुभवून जा. फासे टाकावेत तसे एकमेकांवर पेच टाकायचे. सोडवला नाही तर एक सेस्टर्शियस दंड. चांगलं जाडजूड पितळी नाणं, पडताना ठणकन वाजतं. जमलेल्या पैशांत सगळ्या खेळाडूंचं जेवण होतं. जे जे अडले, त्यांच्या पैशांत जिंकलेले आणि हरलेले एकाच पंगतीला!

गेलियसनं पुढे या संध्याकाळी लिहून काढल्या. अ‍ॅटिकाच्या खेड्यात हिवाळ्याच्या लांबलचक रात्री त्यानं टिपणं करायला सुरुवात केली, म्हणून पुस्तकाचं नाव ‘अ‍ॅटिक रात्री’. त्याचे 20 भाग, त्यातला आठवा हरवला, उरली फक्त त्याची शीर्षकं. त्या रात्रीचे सात प्रश्न त्यानं क्रमानं नोंदवले, आणि न सुटलेल्याचं उत्तरही दिलं: एनिअस या कवीच्या ‘अ‍ॅनल्स’ महाकाव्याचा तेरावा भाग. ते 18 भागांचं महाकाव्य आज सलग कुठेच उरलेलं नाही. सुमारे 600 ओळी मिळतात, त्याही इतरांनी इथेतिथे उद्धृत केल्या म्हणून. भविष्य सांगणारे खरं बोलतात का, असं विचारणारी ती ओळ गेलियसनं उत्तर म्हणून लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. सगळ्या पंगतीला जे आठवलं नाही, तेच टिकलं.

मला ही पंगत फार मोलाची वाटते ती यासाठी. सामान्यज्ञान म्हणजे दुसऱ्याला गप्प करायचं हत्यार, अशी आपली समजूत होऊन बसते. गणपतीच्या मांडवातल्या प्रश्नमंजूषेत चुकलेलं मूल पुढच्या वर्षी मंचावर यायला तयार होत नाही, ते त्यामुळेच. या मंडळींनी न येणाऱ्या उत्तराला सणात मानाची जागा दिली. प्रश्न वर्गणीसारखा आणायचा, पाळीपाळीनं हाताळायचा, आणि अडला तर तो सगळ्यांचा मिळून अडलेला.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीत किंवा मंडळात अशी रात्र ठरली, तर अथेन्सचे नियम घ्या. जेवढी माणसं तेवढे प्रश्न ठेवा, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या आजींवरही पाळी येईल. बक्षीस पुस्तकाचं द्या. दंडाच्या पैशांतून सगळ्यांना भजी खिलवा. आणि कुणालाच न आलेल्या प्रश्नाचा हार देवाला घाला. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर शोधायला सगळ्यात आधी कोण धावेल, माहीत आहे? ज्याच्यावर तो अडला होता, तोच.