एका हीटचे तारे

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये मी स्पेक्ट्रो चालवतो. भट्टीतला रस नमुन्याच्या साच्यात ओतायचा, गार झाला की घासून सपाट करायचा आणि त्यावर ठिणगी पाडायची. त्या उजेडातल्या रेषा मोजून मशीन कार्बन, सिलिकॉन, मँगेनीजचे आकडे देतं. एका हीटचे, म्हणजे भट्टीत एकदा वितळवलेल्या रसाचे, सगळे नग एकाच केमिस्ट्रीचे निघायला हवेत. गोलाकार तारकागुच्छांबद्दल खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच धरून चालले होते: वायूचा एक ढग, एकच ओतकाम, लाखो तारे.

१९५९ साली हेल्फर, वॉलरस्टाइन आणि ग्रीनस्टाइन यांनी शौरी तारकासमूहातल्या एम १३ आणि एम ९२ या गुच्छांमधल्या राक्षसी ताऱ्यांचे वर्णपट तपासले. लोह फारच कमी निघालं. आजच्या मोजणीनुसार एम १३मध्ये ते सूर्याच्या साधारण तिसावा भाग आहे, एम ९२मध्ये तर दोनशेव्या भागाच्या आसपास. हे तारे बाराशे कोटी वर्षांहून जुने. तेव्हा विश्वात लोह तयारच किती झालं होतं! पण एका गुच्छात मात्र लोहाचा आकडा ताऱ्यागणिक बदलत नव्हता. हीट एकच, असं मानायला हरकत नव्हती.

मग १९७१मध्ये ऑसबर्न यांना एम ५ आणि एम १० या गुच्छांत वर्णपटातल्या सायनोजेनच्या पट्ट्या नको इतक्या ठळक असलेले तारे सापडले. १९७८मध्ये ज्युडिथ कोहेन यांनी एम ३ आणि एम १३मध्ये सोडियमची तफावत दाखवली. पुढे नीट मोजल्यावर दिसलं, की सोडियम जास्त तिथे ऑक्सिजन कमी. हा ऑक्सिजन मोजणं महाकठीण. ६३० नॅनोमीटरवरची त्याची रेषा आधीच फिकट, त्यात आपल्या वातावरणातला ऑक्सिजन तिथेच चमकतो. ताऱ्याच्या वेगाने रेषा थोडी सरकली असेल तरच ती सुटी दिसते. अशा रेषेवर भरवसा ठेवून लोहाच्या पक्क्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष बाजूला सारायचा, याला धाडस लागतं.

या तफावतीबद्दल काहींचं म्हणणं होतं, म्हातारे तारे पोटातलंच द्रव्य ढवळून वर आणत असतील. त्याची कसोटी २००१मध्ये लागली. ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरून मयूर तारकासमूहातल्या एनजीसी ६७५२ या गुच्छातले अजून न फुगलेले तारे तपासले. तिथेही तोच खेळ! निऑनचं सोडियम करायला कित्येक कोटी अंश तापमान लागतं, आणि एवढ्या लहान ताऱ्याच्या गाभ्यात ते नसतं. म्हणजे हे सोडियम बाहेरून, आधीच्या मोठ्या ताऱ्यांच्या भट्टीतून आलं होतं.

ते मोठे तारे कोणते, यावर आजही वाद आहे. फुगून वायू सोडणारे मध्यम तारे, गरगर फिरणारे जड तारे, सूर्याच्या हजारोपट वस्तुमानाचे महाकाय तारे, सगळ्यांची नावं घेतली जातात. पण गुच्छांतले सगळे आकडे यातल्या एकानेही अजून जुळवलेले नाहीत.