मोकळ्या हाताची शिस्त

जलरंगात फूल रंगवू लागलेला नवशिका पाकळी न् पाकळी रेखतो आणि शेवटी कागदावर फुलाऐवजी फुलाचा नकाशा उरतो. जाणत्याचा कुंचला दोन ओल्या फटकाऱ्यांत तेच फूल उमलवतो. हा मोकळेपणा म्हणजे बेफिकिरी, असा पुष्कळांचा समज आहे. आपल्याच करवीरचा इतिहास तो खोटा ठरवितो.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. तेथील शिक्षण काटेकोर रेखनाचे. पुढे त्यांना शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहून त्यांनी पाणी, झाडी, संध्यामठ रंगविले. त्यांच्या निसर्गचित्रांत पान न् पान मोजलेले नाही. पण प्रहर कोणता, हे पाहणाऱ्यास कळते.

हे साधते कसे? पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. तो एकदा झाकला की सहसा परत मिळत नाही. म्हणून काय सोडावयाचे, हे कुंचला टेकण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. हात मोकळा होतो, तो डोळा आधी तयार झाल्यावर.

१९२२ साली महाराज निवर्तले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगतात. १९३१ साली तेही गेले. मागे उरले ते थोडेच. तेव्हा आपणांपैकी कोणाच्या घरी वडिलांच्या वेळचे एखादे जलरंगचित्र भिंतीवर असेल, तर त्याला ऊन आणि ओल यांपासून जपावे, एवढीच विनंती.