आजीच्या गर्भाशयात

१८ मे २०१७. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि तुम्ही एरंडवण्यातल्या गॅलेक्सी केअर रुग्णालयाच्या गार शस्त्रक्रियागृहात उभे. डॉ. शैलेश पुणतांबेकर यांचा चमू दुर्बिणीतून एका आईचं गर्भाशय अलगद सोडवतोय. ते तिच्याच मुलीच्या पोटात बसवायचं आहे. भारतातलं हे पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण.

काही महिने पुढे सरका, २०१८च्या उन्हाळ्यात. याच चमूनं त्याच मे महिन्यात आणखी एका आईचं गर्भाशय तिच्या मुलीत बसवलं होतं. आता पेशीएवढे लहान होऊन त्या गर्भाशयाच्या अस्तरात उतरा. प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण इथे रुजतोय. गर्भाशय आजीचं, रक्त आईचं, भ्रूणात अर्धा वाटा बाबांचा. आजीचा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून आईला औषधं चालू आहेत. तरीही भ्रूण परकाच. कुठल्याही गर्भवतीच्या अस्तरात पहिल्या तिमाहीत प्रतिकारपेशींची दाटी असते, आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी. त्या भ्रूणावर तुटून पडतील या भीतीनं तुम्ही अंग चोरता. पण त्या वळतात आईच्या नागमोडी धमन्यांकडे. भ्रूणाच्या बाहेरच्या पेशींच्या जोडीनं त्या धमन्यांच्या भिंती सैल करतात, धमन्या रुंदावतात आणि वारेला भरपूर रक्त मिळू लागतं. हे काम अर्धवट राहिलं, तर पुढे आईचा रक्तदाब चढू शकतो, बाळाची वाढ खुंटू शकते.

या पेशींना वाढवतं प्रोजेस्टेरॉन, तेही आडवाटेनं. त्याला धरून ठेवणारे ग्राही एनके पेशींवर नसतात. ते अस्तरातल्या आधारपेशींना जागं करतं, त्या इंटरल्युकिन-१५ सोडतात आणि त्यावर एनके पेशी वाढतात. म्हणून हार्मोनची वेळ आणि मात्रा इतकी महत्त्वाची. आयव्हीएफची इंजेक्शनं घेतली की एकाच महिन्यात अनेक बीजं पिकतात, इस्ट्रोजेन कित्येक पटींनी चढतं, अस्तर भ्रूणाच्या पुढे निघून जाऊ शकतं. उंदरांमध्ये अशा उत्तेजनानंतर गर्भ खुरटलेले दिसले आहेत. संशय धमन्यांच्या याच कामावर जातो. भ्रूण गोठवून नंतर सोडला तर इस्ट्रोजेनचा हा पूर टळतो. मात्र अस्तर निव्वळ हार्मोनच्या गोळ्यांवर तयार केलं, तर बीजकोशात पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर तयार होणारी ग्रंथी, बनत नाही, आणि अशा गरोदरपणात रक्तदाबाची तक्रार जास्त आढळते.

१८ ऑक्टोबर २०१८, दसरा. सिझेरियन होऊन मुलगी जन्मते. वजन १,४५० ग्रॅम. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेलं आशियातलं पहिलं बाळ.

आता आजच्या पुण्यात या. हातात जाडजूड फाइल, दोन गर्भपात झालेले, आणि कुणीतरी रक्तातल्या एनके पेशींची तपासणी सुचवतंय. थांबा. रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या, अस्तरातल्या वेगळ्या. एकींच्या मोजणीवरून दुसऱ्यांचं काम कळत नाही. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३मध्ये ही तपासणी नेहमीच्या उपचारात करू नये असंच सांगितलं. त्या आकड्यावरून स्टेरॉइड किंवा इंट्रालिपिड या स्निग्ध द्रावणाचं सलाइन लावायला कुणी सांगितलं, तर आधी विचारा: धमन्या रुंदावणाऱ्या या पेशी तुम्ही नेमक्या कशासाठी दाबताय?