एकादशीच्या पानांतील पाहुणे



आषाढी एकादशीस आपल्या घरीं साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी असें भरगच्च पान वाढलें जातें. वाडवडिलांपासून चालत आलेलें म्हणून आपण तें मोठें सोंवळें मानतों. पण त्यांतील बहुतेक जिन्नस साता समुद्रांपलीकडचे आहेत, असें सांगितलें तर वडील मंडळींस खरें वाटणार नाहीं!

बटाटा, रताळें, भुईमूग, मिरची व कसावा हीं पांचही मूळचीं अमेरिका खंडांतील. १४९२ मध्यें कोलंबस तिकडे पोंचला. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. आणि पुढें समुद्रमार्गानें हे पाहुणे एकामागून एक आपल्याकडे आले. बटाट्यानें आपलें नांव बरोबर आणलें. मिरचीला मिऱ्याचें नांव मिळालें, भुईमूग हा भुईंतला मूग ठरला, आणि रताळ्यास तर ‘रक्तालु’ या आपल्या जुन्या कंदाचेंच नांव लाभलें. साबुदाणा प्रथम मलायाकडील एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून होत असे; दुसऱ्या महायुद्धांत ती आवक अडली, तेव्हां सेलमकडे तो कसाव्याच्या मुळांपासून करूं लागले.

खुद्द अमेरिकेंत याच्या उलट घडलें. तेथें पीक घरचें आणि माणसें परकीं. इंग्लंडहून गेलेल्या वसाहतवाल्यांनीं मूळ रहिवाशांपासून मका घेतला व आपल्या इंग्लिश पुडिंगांत त्याचें पीठ घातलें. त्याचें नांव पडलें ‘इंडियन पुडिंग’. १७९६ मध्यें अमीलिया सिमन्स या बाईंनीं छापलेल्या पाकपुस्तकांत त्याची कृति आहे. एकोणिसाव्या शतकांत तें न्यू इंग्लंडचें परंपरागत पक्वान्न होऊन बसलें. ज्यांच्यापासून मका घेतला, ते मात्र आपल्या भूमीवरून हुसकले गेले. त्यांची आठवण पदार्थाच्या नांवापुरती उरली.

आपल्या पानांतहि अशी एखादी विसरलेली आठवण आहे काय? मुंबईहून कसाऱ्याकडे जातांना खर्डी मागें पडली कीं उंबरमाळीचें लहानसें स्टेशन येतें. शहापूरच्या या डोंगरपट्ट्यांत ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांची वस्ती आहे. येथें उतारावर नाचणी व वरी पिकते. पूर्वीं पावसाळ्यांत घरांतला दाणा संपला, म्हणजे कातकऱ्यानें रानांतून कडू कंद खणून आणावा, राख घालून तो उकडावा, वाहत्या पाण्यांत ठेवून त्याचा कडूपणा घालवावा, आणि मग तो पोरांपुढें ठेवावा.

उपवासाचें शास्त्र तरी काय सांगतें? नांगरलेल्या शेतांतलें धान्य वर्ज्य, कंदमुळें व फळें ग्राह्य. म्हणजे रानांत राहणाऱ्याचें अन्न तेंच व्रताचें अन्न! म्हणूनच परदेशचे कंद आले, तेव्हां त्यांना या पंक्तीस बसण्यास अडचण पडली नाहीं. जुन्या ओळखीचे वरीचे तांदूळ तेवढे पानांत टिकून राहिले. रानचा कंद मात्र पानांतून उठला.

पाहुण्यांनीं आपलें पान रुचकर केलें, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु जें आपण वर्षांतून कांहीं दिवस पुण्य म्हणून खातों, तें डोंगरांतल्या घरीं भूक भागविण्यासाठीं शिजत होतें, हें विसरून चालणार नाहीं. पुढील एकादशीस वरीचे तांदूळ वाढतांना, हे दाणे कोणत्या उतारावर आणि कोणाच्या हातून पिकतात, एवढें तरी मुलांना सांगावें. व्रताचा तोहि एक भाग समजावा.