वऱ्हाडचा कापूस आणि विलायती मोटार

मोटारगाडीवर माणसानें जीव लावावा, ही गोष्ट पुष्कळांना हास्यास्पद वाटते. घोड्यावर, बैलावर, फार तर एखाद्या जुन्या वाड्यावर माया करणें आम्हांस समजतें. पण लोखंड, रबर आणि पेट्रोल यांच्या जुळणीवर कोणी पोटच्या पोराप्रमाणें प्रेम करूं लागला, तर त्याला आपण छांदिष्ट म्हणून सोडून देतों. तथापि इंग्लंडांत बनलेल्या जुन्या भारी मोटारींच्या, विशेषतः सलून म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंद टपाच्या ऐसपैस गाड्यांच्या धन्यांमध्यें ही माया इतकी सर्रास आढळते, कीं तिला कांहीं इतिहास असला पाहिजे असें मानणें भाग पडतें. तो इतिहास आज सांगावयाचा आहे. आणि तो अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना सांगावयाचा असल्यामुळें त्याचा आरंभ मोटारीपासून न करतां कापसापासून करणें अधिक सोयीचें होईल.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला. त्या चार वर्षांत मँचेस्टरची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. १८५३ च्या तहानें हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेलाच होता. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली. १८७० सालीं खामगांवचा फांटा खुला झाला. अकोला, अमरावती, खामगांव येथें जिन आणि प्रेस उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी यंत्रें, इंग्रजी मापांचे नट-बोल्ट व तीं यंत्रें उघडून पुन्हां जोडणारे मिस्त्री या प्रांतांत आले. या मिस्त्र्यांना श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्यांची गांठ पडणार आहे.

ज्या मँचेस्टरास आमच्या कापसाचे गठ्ठे ठाऊक होते, त्याच शहरांत ४ मे १९०४ रोजीं मिडलंड हॉटेलांत दोन इसमांची भेट झाली. एक हेन्री रॉइस. हा गिरणीवाल्याचा, पण दारिद्र्यांत वाढलेला मुलगा. लहानपणीं वर्तमानपत्रें विकलेला आणि आतां वीजयंत्रांचा व याऱ्यांचा कारखाना चालविणारा. दुसरा चार्ल्स रोल्स, लॉर्ड घराण्यांतला, लंडनमध्यें मोटारी विकणारा. रॉइसनें बांधलेली लहानशी मोटार पाहून रोल्सनें ती विकण्याचें अंगावर घेतलें. कापसाच्या पैशांतून रोल्स-रॉइस जन्मली असें माझें म्हणणें नाहीं. तसा दुवा जोडणें ओढाताणीचें होईल. पण यंत्रें बिनचूक घडविण्याची जी संवय त्या शहरास लागली होती, ती गिरण्यांनीं लाविली होती एवढें निश्चित.

या मोटारींचा आणि महाराष्ट्राचा संबंध फार लवकर आला. १९०७ सालीं जिचें नांव पुढें 'सिल्व्हर घोस्ट' म्हणून गाजलें, त्या सहा नळकांड्यांच्या जातीची एक गाडी 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नांवानें मुंबईस आली आणि १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर शर्यतींत उतरली. ६२० मैलांची मजल आणि वाटेंत सहा घाट! त्या काळचे सह्याद्रीचे घाट म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. गाडीनें ती मजल निर्वेधपणें पार पाडली आणि ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीं विकत घेतली. एका मराठी राजाच्या पागेंत ती जाऊन उभी राहिली, आणि त्यापुढील तीस वर्षांत संस्थानिकांनीं अशा शेकडो गाड्या मागविल्या.

वऱ्हाडचा नामधारी धनी जो निजाम, तोही यांत मागें नव्हता. १९०२ च्या करारानें वऱ्हाड सालीना २५ लक्ष रुपयांच्या बोलीवर इंग्रजांकडे कायमचें राहिलें आणि निजामाचें स्वामित्व कागदावर उरलें. मीर महबूब अली खान यानें सिल्व्हर घोस्ट जातीची एक पिवळी गाडी मागविली होती. बार्कर या लंडनच्या कारागिरांनीं तिच्यावर घुमटासारखा टप चढविला आणि आंत सिंहासनासारखी बैठक बसविली. १९११ सालीं महबूब अली वारला, आणि गाडी त्याच्या मुलाच्या, मीर उस्मान अलीच्या, कारकीर्दींत समारंभांपुरती बाहेर निघूं लागली. ती फारच थोडी चालली. १९३६ सालीं याच उस्मान अलीच्या वडील मुलास 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवी मिळाली. वऱ्हाडी शेतकऱ्यास या पदवीचा उपयोग जेवढा झाला, तेवढाच त्या पिवळ्या गाडीचा!

या राजेलोकांच्या मोटारींविषयीं पुष्कळ कथा प्रचलित आहेत. अपमानाचा सूड म्हणून अलवारच्या महाराजांनीं रोल्स-रॉइस गाड्या शहराचा कचरा वाहण्यास लाविल्या, ही त्यांपैकींच एक. तीच गोष्ट कोणी दुसऱ्या संस्थानच्या नांवावर सांगतो, कोणी तिसऱ्याच्या. यावरूनच तिची किंमत करावी. असल्या कथांनीं आपली समजूत बिघडते ती वेगळ्याच रीतीनें. मोटारीचें प्रेम म्हणजे श्रीमंतीचा तोरा, असें आपणांस वाटूं लागतें. ज्या गाडीस धनी दहा वर्षांत एकदां पाहतो, तिच्यावर त्याचें प्रेम असतें असें मला वाटत नाहीं.

वऱ्हाडांत मोटार आली ती राजांच्या नव्हे, तर वकील, सावकार, कापसाचे व्यापारी आणि जिनवाले यांच्या दारीं. अमरावतीस १८९७ सालीं काँग्रेस भरली आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष झाले, तो काळ बग्गीचा आणि दमणीचा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत हिंदुस्थानांत बाजार मारला तो अमेरिकन गाड्यांनीं. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडीला जुळणीचा कारखानाच काढला. ह्या गाड्या जमिनीपासून उंच, इंजिनाला दांडग्या, किंमतीला बेताच्या. उलट इंग्लंडांत मोटारीवरील कर नळकांड्याच्या व्यासावरून ठरे, म्हणून साधारण इंग्रजी गाडीचें इंजिन अरुंद होई. मग इंग्रजी सलून घ्यावयाची कशासाठीं? याचें उत्तर गाडीच्या पोटांत शिरल्याशिवाय मिळत नाहीं.

त्या काळीं रोल्स-रॉइससारखा कारखाना गाडीचा केवळ सांगाडा व इंजिन बनवी. त्या सांगाड्यास चॅसिस म्हणत. टप दुसरे कारागीर बांधीत. बार्कर, हूपर हीं त्यांतलीं गाजलेलीं नांवें. अॅश जातीच्या लाकडाची चौकट सुतारानें जुळवावयाची, तिच्यावर अॅल्युमिनमचा पत्रा हातानें ठोकून बसवावयाचा, आंत अक्रोडी लाकडाची पातळ फळी आणि खऱ्या कातड्याच्या बैठका. हम्बर, डेम्लर, वूल्झली, आर्मस्ट्राँग सिडली या खालच्या-वरच्या पायऱ्यांवरील गाड्यांतही ही रीत कमी-अधिक उतरली होती. अशा गाडीचें दार लावलें म्हणजे जो आवाज होतो, तो एखाद्या जुन्या शिसवी कपाटाचा असतो. थोडक्यांत, ती यंत्र कमी आणि घर अधिक होती. आणि घराप्रमाणेंच तिची निगा रोज ठेवावी लागे.

वऱ्हाडच्या हवेनें तर ही निगा दुप्पट केली. वैशाखांत अकोल्याचा उन्हाळा अक्रोडाच्या फळीला तडे पाडतो आणि कातडें वाळवून टाकतो. म्हणून फळीस पॉलिश आणि बैठकीस तेल. नळींतल्या पेट्रोलची उन्हानें वाफ होते आणि इंजिन भर रस्त्यांत गप्प बसतें. मग नळीस ओलें फडकें गुंडाळून झाडाखालीं थांबावयाचें. पावसाळ्यांत पूर्णेच्या खोऱ्यांतली काळी माती मडगार्डाखालीं दगडासारखी बसते. ती खरवडली नाहीं तर पत्रा खाल्ला जातो. चिखलदऱ्याच्या चढावर पाण्याचा डबा जवळ नसेल तर रेडिएटर आपलें मत स्पष्टपणें कळवितो. ज्या वस्तूची इतकी सेवा करावी लागते, ती एक तर माणूस विकून टाकतो, नाहीं तर तिच्यावर जडतो.

विकून टाकून नवी घेण्याचा मार्ग मात्र लवकरच बंद झाला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधनें आलीं. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, जे कारखाने येथें भाग न बनवितां केवळ जुळणी करीत होते, त्यांना मुक्काम हलवावा लागला. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेले. सुटे भाग येईनासे झाले. इंग्लंडांत जुनी गाडी राखणें ही हौस होती. येथें ती निकड झाली. आणि येथेंच जिनांतल्या मिस्त्रीची व विलायती मोटारीची खरी गांठ पडली.

इंग्रजी गाडीच्या बोल्टला आजचा मिलिमीटरचा पाना बसत नाहीं. तिचे आटे व्हिटवर्थच्या धर्तीचे. हा जोसेफ व्हिटवर्थही मँचेस्टरचाच. त्यानें १८४१ मध्यें आट्यांचें एक ठराविक माप सुचविलें आणि इंग्रजी यंत्रांनीं तें उचललें. त्या मापाचे पाने जेथें इंग्रजी यंत्र होतें तेथें होतेच, म्हणजे जिनांतही होते. लेथवर पितळेचा बुश कातणें, तांब्याच्या पत्र्याचा गॅस्केट कापणें, दुसऱ्याच गाडीची पिस्टनची रिंग घांसून बसविणें, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें हातांत होतें. एस. यू. कार्बुरेटर कानानें जुळविणारा मिस्त्री नुसता कारागीर म्हणून सोडून देतां येत नाहीं. गाडीवरील प्रेम आपण धन्याच्या नांवावर लिहितों, परंतु तें निभावलें मिस्त्रीनें, आणि ड्रायव्हरनें, जो रोज सकाळीं बॉनेट पुसून मगच चहा घेई.

१९७१ सालीं संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि पुष्कळ पागा रिकाम्या झाल्या. साठ-सत्तरीच्या त्या वर्षांत कित्येक उत्तम गाड्या परदेशीं विकल्या गेल्या. ज्या राहिल्या, त्या बव्हंशीं अशा घरांतून राहिल्या, जेथें गाडी चालती ठेवणारें कोणी होतें.

मध्यम स्थितींतील घरांना इंग्रजी सलूनची चव दिली ती अॅम्बॅसडरनें. मॉरिस ऑक्सफर्डचा हा हिंदी अवतार १९५७ च्या सुमारास उत्तरपाड्याहून निघाला आणि २०१४ पर्यंत निघत राहिला. तिला ऐषारामी म्हणणें धाडसाचें होईल. पण तिची गोल पाठ, उंच बैठक आणि मागच्या बाकावर बसणारीं चार माणसें आठवून आजही कित्येकांचा कंठ दाटतो. दुसरीकडे ज्या टाटांनीं १८७७ सालीं कापसाचा मुलूख जवळ म्हणून नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांच्याच घराण्याच्या नांवाच्या कंपनीनें २००८ सालीं जग्वार विकत घेतली, आणि डेम्लर, लँचेस्टर, रोव्हर हीं जुनीं नांवेंही तिच्याबरोबर आलीं. ती गिरणी पुढें बंद पडली.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, आणि अशी गाडी प्रदर्शन, शर्यत, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या वापरास मनाई. पुढच्याच वर्षीं, जून २०२२ मध्यें, अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. शंभर वर्षें खड्ड्यांतून गेलेल्या गाडीला गुळगुळीत रस्ता लाभला तो तिनें रोज फिरूं नये असें ठरल्यावर! याहूनही वाईट अवस्था मधल्या वयाच्या गाड्यांची आहे. पंधरा वर्षांनीं नोंदणी संपते, मग दर पांच वर्षांनीं नूतनीकरण, आणि त्याची फी २०२२ पासून बरीच चढली. परदेशी गाडीची तर कैक पटींनीं अधिक. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीनें पन्नाशी गांठेपर्यंत तग धरावयाचा कसा, याची सोय कोठें दिसत नाहीं. आजच्या पोर्चमधली जुनी गाडी मोडींत गेली, तर उद्यांचा संग्रह कशाचा होणार?

इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत हंट हाऊस नांवाची इमारत आहे. १९५७ सालीं स्थापन झालेल्या रोल्स-रॉइसप्रेमी संघाचें तें ठाणें. तेथें जुन्या गाड्यांचीं चॅसिसवार कार्डें जपून ठेविलीं आहेत. क्रमांक कळविला, तर गाडी कोणासाठीं बांधली आणि टप कोणीं चढविला हें समजतें. कार्ड तेथेंच संपतें. त्यापुढचीं साठ-सत्तर वर्षें येथल्या गॅरेजांत गेलीं, आणि त्यांची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं. आपल्यापैकीं ज्यांच्या ओळखींत असा एखादा वृद्ध मिस्त्री अद्याप असेल, त्यांनीं त्याला एक दिवस घरीं बोलवावें आणि एका वहींत एवढें लिहून घ्यावें: कोणत्या गाडीचें इंजिन त्यानें कितीदां उघडलें, कोणता भाग कशापासून बनविला, तो कोणत्या जिनांत शिकला, आणि त्याचे पाने आज कोणाकडे आहेत.