दोन विंगा, दोन स्वभाव

मोखाड्यात मुलांना फुटबॉल शिकवताना मला एक आग्रह नेहमी ऐकू येतो : दोन्ही विंगांवर जोरात पळणारेच हवेत. सय्यद अब्दुल रहीम यांची संघरचना या आग्रहाला उत्तर देते.

हैदराबादच्या या शाळामास्तरांच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. पुढे १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ते भारताचे प्रशिक्षक होते. उजव्या विंगेवर त्यांनी पी. के. बॅनर्जींना ठेवले, ते वेगाने थेट गोलाकडे घुसत. डावीकडे तुलसीदास बलराम. ते आतल्या जागीही सहज खेळत, चेंडू राखून सहकाऱ्यांना वाट करून देत. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. गोल बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे.

माझ्या मते दोघेही बॅनर्जी असते, तर चेंडू धरून खेळ जुळवणारा उरला नसता. दोघेही बलराम असते, तर समोरच्या बचावफळीला पळण्याचा धाक राहिला नसता. गोलफलकावर बॅनर्जींचे नाव राहिले. बलरामांचे काम इतिहासाने नोंदवायला हवे. नाहीतर आमची मुले फक्त पळायलाच शिकतील.